माणसे किती आणि माणसाला किती

पृथ्वीवर माणसे किती असावीत आणि प्रत्येक माणसाने निसर्गाकडून किती घ्यावे, हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिला लोकसंख्येचा, दुसरा मुख्यतः ऊर्जेचा. दोन्हींचा भार शेवटी जमीन, पाणी, हवा आणि इतर जीवसृष्टी यांच्यावर पडतो. १९७० नंतरच्या काही वर्षांत पॉल अर्लिक, जॉन होल्ड्रेन आणि बॅरी कॉमनर या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या वादातून हा संबंध गुणाकाराच्या रूपात मांडला गेला. निसर्गावरचा भार म्हणजे लोकसंख्या, दरडोई उपभोग आणि तो भागवणाऱ्या तंत्राची घातकता या तिघांचा गुणाकार. तिन्हींपैकी कोणताही आकडा खाली आणला तरी भार हलका होतो. मात्र कोणता आकडा खाली आणायचा, आणि ‘तू कमी कर’ असे कोणी कोणाला म्हणायचे, हे गणित सांगत नाही. तिथून पुढचा प्रश्न धर्माचा आणि नीतीचा आहे.

संख्या आणि ऊर्जा

जगाची लोकसंख्या १०० कोटींवर पोचली ती १८००च्या आसपास. १९२७च्या सुमारास ती २०० कोटी झाली, १९६० मध्ये ३०० कोटी, आणि १५ नोव्हेंबर २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांनी ८०० कोटींचा टप्पा ओलांडल्याचे जाहीर केले. १९०० पासून आजवर माणसांची संख्या साधारण पाचपट झाली. याच काळात ऊर्जेचा एकूण वापर मात्र चौदा-पंधरा पट झाला. म्हणजे माणसे वाढलीच, पण सरासरी माणूसही आपल्या पणजोबाच्या तिप्पट ऊर्जा वापरू लागला.

शरीर चालवायला माणसाला लागणारी ऊर्जा अन्नातून येते आणि ती सुमारे १०० वॉटच्या दिव्याइतकी असते. शरीराबाहेर, म्हणजे चूल, वाहने, कारखाने, दिवे आणि यंत्रे मिळून, आजचा सरासरी माणूस सुमारे अडीच हजार वॉट वापरतो. अमेरिकेत हा आकडा नऊ हजारांच्या घरात जातो, भारतात हजाराच्या आतबाहेर राहतो, आणि आफ्रिकेतील कित्येक देशांत त्याहूनही बराच कमी आहे. ‘दरडोई सरासरी’ या शब्दांमागे एवढी तफावत दडलेली असते.

लोकसंख्या आणि ऊर्जा यांचे नाते दुहेरी आहे. १७९८ साली थॉमस माल्थस यांनी असा इशारा दिला होता की माणसे अन्नापेक्षा वेगाने वाढतात, त्यामुळे दुष्काळ आणि रोगराई अटळ आहे. त्यांचे भाकीत त्या स्वरूपात खरे ठरले नाही, कारण शेतीला जमिनीखालची ऊर्जा मिळाली. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ हाबर आणि कार्ल बॉश यांनी हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची रीत सिद्ध केली. आज जगातील जवळजवळ निम्म्या लोकांचे पोट या रीतीने बनलेल्या खतावर भरते, आणि ते खत बनवायला मुख्यतः नैसर्गिक वायू किंवा कोळसा लागतो. ऊर्जेने अशी लोकसंख्या पोसली.

हीच ऊर्जा पुढे लोकसंख्येला आवरही घालते. घरात नळ, दिवा आणि गॅस आला की सरपण-पाण्यासाठी मुलीला घरी ठेवण्याचे कारण उरत नाही. ती शाळेत जाते, तिचे लग्न उशिरा होते. दवाखाना जवळ आला की मुले जगतात, आणि जगतात म्हणून कमी जन्माला घातली जातात. केरळने हे १९९०च्या सुमारास, कोणतीही सक्ती न करता साधले. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील एकूण जननदर २.० वर आला आहे, महाराष्ट्रात तो १.७ आहे. लोकसंख्या स्थिर राहण्यास साधारण २.१ लागतो. जगाची लोकसंख्या या शतकाच्या उत्तरार्धात १,०३० कोटींच्या आसपास जाऊन नंतर उतरू लागेल, असा संयुक्त राष्ट्रांचा २०२४चा अंदाज आहे.

इतर जिवांचा वाटा

हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होते. आता ते ४२० भागांच्या वर गेले आहे. हवामानबदलाची चर्चा बहुधा या आकड्याभोवती फिरते. पण निसर्गावरचा भार कार्बनपुरता नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार पृथ्वीवरील सर्व सस्तन प्राण्यांच्या एकूण वजनात माणसांचा वाटा सुमारे ३६ टक्के आणि पाळीव जनावरांचा ६० टक्के आहे. हत्ती, देवमासे, वाघ, हरणे, वटवाघळे अशा सगळ्या वन्य सस्तन प्राण्यांच्या वाट्याला उरतात ४ टक्के.

या दुसऱ्या हिशेबामुळे एक लोकप्रिय समजूत अपुरी ठरते. सूर्य आणि वारा यांतून पुरेशी वीज मिळाली की प्रश्न सुटला, असे मानले जाते. स्वच्छ विजेने धूर थांबेल हे खरेच आहे आणि ते तातडीचेही आहे. पण त्या विजेवर चालणारी यंत्रेही डोंगर फोडू शकतात, नदी उपसू शकतात आणि जंगल तोडून रस्ता काढू शकतात. ऊर्जा कशापासून मिळवली हा एक प्रश्न झाला, ती कशासाठी वापरली हा दुसरा. पहिल्याचे उत्तर अभियंते देऊ शकतात, दुसऱ्याचे देऊ शकत नाहीत. १८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी ब्रिटनच्या कोळशाबद्दल हेच निरीक्षण नोंदवले होते: वाफेची यंत्रे काटकसरी झाली, तसा कोळशाचा खप घटला नाही, उलट वाढला. काटकसरीच्या यंत्राने वाचवलेले इंधन माणूस नव्या कामाला लावतो. ‘पुरे’ कुठे म्हणायचे हे यंत्र ठरवत नाही.

धर्मांची भूमिका

१९६७ साली इतिहासकार लिन व्हाइट यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक गाजलेला लेख लिहिला. सृष्टीवर माणसाची सत्ता असावी, ही बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातली कल्पना पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेने ज्या अर्थाने घेतली, त्यात निसर्गाच्या लुटीचे मूळ आहे, असा त्यांचा आरोप होता. मात्र पर्याय त्यांनी त्याच परंपरेतून सुचवला: पशुपक्ष्यांना भावंडे मानणारा असिसीचा संत फ्रान्सिस. त्याचेच नाव धारण करणाऱ्या पोपने २०१५ साली ‘लाउदातो सी’ या पत्रकातून माणूस सृष्टीचा मालक नसून राखणदार आहे, अशी भूमिका मांडली. काहींच्या अतिरेकी उपभोगाकडे डोळेझाक करून गरिबांच्या मुलांवर खापर फोडणे म्हणजे प्रश्नाला बगल देणे होय, असेही त्यात म्हटले आहे. हेच चर्च कृत्रिम गर्भनिरोधनाला मात्र १९६८च्या पत्रकापासून आजतागायत विरोध करत आले आहे. उपभोगावर बोट ठेवायचे, पण स्त्रीच्या हाती साधन द्यायचे नाही, ही त्या भूमिकेतील उणीव आहे.

इस्लाममध्ये माणूस हा पृथ्वीवर अल्लाहचा खलिफा, म्हणजे विश्वस्त मानला जातो. लोकसंख्येच्या बाबतीत इराणचे उदाहरण बोलके आहे. तेथील धर्मसत्तेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस कुटुंबनियोजनाला मान्यता दिली, साधने मोफत उपलब्ध झाली, मुलींचे शिक्षण वाढले आणि एका पिढीच्या आत जननदर सहाच्या वरून दोनच्या आसपास आला. पुढे धोरण उलट फिरवले गेले, तरी कुटुंबे पुन्हा मोठी झाली नाहीत.

भारतीय परंपरांत जैनांचा अपरिग्रह, बौद्धांचा मध्यम मार्ग आणि ईशोपनिषदातील त्यागपूर्वक भोगाचा विचार हे गरजेवर मर्यादा घालणारे विचार आहेत. पुत्रप्राप्तीला पितृऋणातून मुक्ती मानणारी धारणाही याच भूमीतली आहे, आणि मुलग्याच्या हव्यासापायी मुलींची रांग लावण्याला याच धारणेचा आधार मिळत आला. धर्मग्रंथांत दोन्ही बाजूंना पुरेल इतकी सामग्री सापडते. कोणत्या काळी कोणता धागा पुढे आणायचा, ही निवड त्या त्या समाजाची असते.

संख्येवरची सक्ती

महाराष्ट्रात हा वाद शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. नोकरी, प्रतिष्ठा आणि कोर्टकचेऱ्या या सगळ्यांची किंमत त्यांनी मोजली. १९३४च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. १९३८ साली मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या साधनांच्या बाजूने आंबेडकरांच्या पक्षाकडून ठराव मांडला गेला. तो फेटाळला गेला. महात्मा गांधी कुटुंब लहान असावे या मताचे असले तरी त्यासाठी ब्रह्मचर्य हाच मार्ग मानत. डिसेंबर १९३५ मध्ये संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांच्याशी बोलल्या, पण मतभेद कायम राहिला. गांधींच्या दृष्टीने संयम मनात हवा होता. कर्वे आणि आंबेडकर यांना स्त्रीच्या हाती निर्णय हवा होता. पुढच्या काळात जननदर उतरला तो कर्वे-आंबेडकरांच्या वाटेने.

तिसरी वाट सत्तेची. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील कितीतरी धाक, आमिष किंवा कोटा यांच्या जोरावर. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ साली तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले होते, मात्र राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. चीनने एक मूल धोरण २०१५ पर्यंत राबवले, आणि आता तोच देश घटत्या लोकसंख्येच्या काळजीत अधिक मुले व्हावीत म्हणून सवलती देत आहे.

सक्तीवरचा आक्षेप केवळ ती क्रूर होती एवढाच नाही. तिने भार वाढवणाऱ्याला सोडून सोयीच्या माणसाला धरले. ऑक्सफॅमच्या गणनेनुसार जगातील सर्वांत श्रीमंत १० टक्के लोक कार्बन उत्सर्जनापैकी निम्म्याला जबाबदार आहेत, तर सर्वांत गरीब ५० टक्क्यांच्या वाट्याला दहा टक्केही येत नाहीत. जननदर सर्वांत जास्त असलेल्या नायजरसारख्या देशात दरडोई उत्सर्जन वर्षाला एका टनाच्या दहाव्या भागाच्या आसपास आहे. अमेरिकेत ते सुमारे १४ टन आहे.

स्वयंपाकाच्या गॅसवरून हा फरक सहज लक्षात येतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. उज्ज्वला योजनेतील कुटुंब वर्षाकाठी सरासरी चारेक सिलिंडर भरून घेते. उरलेला स्वयंपाक सरपण-गोवऱ्यांवर होतो आणि त्याचा धूर घरातल्या बाईच्या छातीत जातो. मुंबईहून लंडनला जाऊन परत येणाऱ्या विमानातील एका आसनामागे जळणाऱ्या इंधनाची ऊर्जा साधारण वीस-पंचवीस सिलिंडरांइतकी भरते. म्हणजे एका प्रवाशाची एक फेरी आणि एका कुटुंबाचा पाच-सहा वर्षांचा गॅस यांचे पारडे सारखे. त्या कुटुंबाला ‘मुले कमी होऊ द्या, निसर्ग वाचेल’ असे सांगणे हिशेबातही बसत नाही आणि न्यायातही.

ऊर्जेची किंमत कोण देतो

मुळशी पेट्यात मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून मुंबईला वीज पुरवण्याची योजना टाटा कंपनीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आखली. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला कोळशाऐवजी पाण्यावरची वीज मिळणार होती. आजच्या भाषेत ती ‘स्वच्छ ऊर्जा’च होती. त्यासाठी मावळातील पन्नासच्या आसपास गावे आणि त्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. १८९४च्या भूसंपादन कायद्याने जमिनी घेतल्या गेल्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे बिरुद याच लढ्यात मिळाले. लढा तीनेक वर्षे चालला आणि हरला. धरण झाले, भिरा येथील वीजकेंद्र १९२७ साली सुरू झाले.

मुळशीचा प्रश्न मावळात माणसे जास्त झाल्यामुळे उद्भवला नव्हता. एका शहराची ऊर्जेची गरज दुसऱ्या मुलखाच्या जमिनीवर भागवली गेली, एवढाच तो मामला होता. शंभर वर्षांनी चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी, २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आणि ताडोबाचे वाघ एकाच भूभागात दाटीने उभे आहेत. तिथली वीज राज्यभर जाते. राख, उन्हाळा आणि वाघाची भीती तिथेच राहते. लोकसंख्या, ऊर्जा आणि निसर्ग या तिघांत ‘कुठे’ आणि ‘कोणाच्या’ हे दोन शब्द घातल्याशिवाय नैतिक प्रश्न नीट दिसत नाही.

न जन्मलेल्यांचा हक्क

अजून जन्माला न आलेल्यांचे काय, हा या विषयातील सर्वांत अवघड तात्त्विक प्रश्न आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४ साली त्यातील पेच उलगडून दाखवले. एकूण सुखाची बेरीज जास्तीत जास्त करणे हेच ध्येय मानले, तर सुखाने जगणाऱ्या थोड्या लोकांपेक्षा कसेबसे जगणाऱ्या अफाट लोकांचे जग श्रेष्ठ ठरते. हा निष्कर्ष पार्फिट यांना स्वतःलाही किळसवाणा वाटत होता. उलट केवळ सरासरी सुख मोजले, तर गरिबांची संख्या कमी होणे हीच प्रगती मानावी लागते. म्हणजे बेरीज किंवा सरासरी यांतून माणसांची योग्य संख्या काढता येत नाही. जर्मन तत्त्वज्ञ हान्स योनास यांनी १९७९ साली वेगळी कसोटी सुचवली: पृथ्वीवर खऱ्या अर्थाने मानवी जीवन पुढेही शक्य राहील असेच आपले वर्तन असावे. या कसोटीला संख्या लागत नाही, मर्यादा लागते.

वैदिक परंपरेतील ऋणाची कल्पना इथे उपयोगी पडते. माणूस देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण घेऊनच जन्मतो असे तैत्तिरीय संहिता मानते, आणि शतपथ ब्राह्मण त्यात इतर मनुष्यांच्या ऋणाची भर घालते. पितृऋण संतती होऊन फिटते, हा त्याचा रूढ अर्थ. पण पूर्वजांनी केवळ वंश दिला नाही; पिण्याजोगे पाणी, पिकणारी माती आणि ऋतूंची खात्रीही दिली. वंश पुढे नेला आणि या तिन्ही गोष्टी संपवल्या, तर ऋण फिटले असे म्हणता येणार नाही. ज्याला मूल नाही, पण ज्याने झरा राखला, त्याने या अर्थाने पितृऋण अधिक फेडले.

सामाईक मर्यादा

१९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी असे प्रतिपादन केले की सामाईक कुरणात प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवत राहतो आणि कुरण संपते, म्हणून मुले जन्माला घालण्याचे स्वातंत्र्यही काढून घेतले पाहिजे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची जंगले, कालवे आणि मासेमारीची गावे अभ्यासून दाखवले की लोक आपसांत नियम करून सामाईक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकवतात. या कामासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव याचे जवळचे उदाहरण आहे. गावात शंभराच्या आसपास घरे, आणि ग्रामसभेचे निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि २०११ पासून बांबू तोडून विकण्याचा अधिकारही हाती आला. बांबू कोणत्या भागातून, कोणत्या वर्षी आणि किती तोडायचा हे गाव ठरवते. २०१३ साली गावाने ग्रामदान कायद्याखाली शेतजमिनीही ग्रामसभेकडे सोपवल्या. संयम इथे एखाद्या साधूचा व्यक्तिगत गुण राहिलेला नाही. तो सगळ्यांनी मिळून केलेला आणि सगळ्यांवर लागू असलेला नियम आहे.

धर्मांनी शिकवलेल्या अपरिग्रहाची उणीव नेमकी इथे आहे. तो बहुतेक वेळा एकट्याचे पुण्य म्हणून सांगितला गेला: ज्याला साधेल त्याने व्रत घ्यावे, इतरांनी त्याला नमस्कार करावा. आजच्या प्रश्नाला असे व्रत पुरत नाही. एकाने विमान टाळले तर त्याचे आसन दुसरा घेतो. मर्यादा समाजाने मिळून घातली, तिच्यात श्रीमंतांना सूट नसली आणि गरिबांना आधी किमान गरजेपर्यंत येऊ दिले, तरच ती टिकते.

माणसे किती असावीत या प्रश्नाचे उत्तर शिकलेल्या आणि स्वतःचा निर्णय स्वतः घेणाऱ्या स्त्रिया देत आहेत. तिथे राज्यसंस्थेचे काम शाळा, दवाखाना आणि साधने पुरवण्याचे आहे, धाक दाखवण्याचे नाही. माणसाला किती हवे, हा प्रश्न मात्र मेंढ्यासारखे अपवाद सोडले तर अजून कोणी मिळून हाती घेतलेला नाही. गरजेच्या खाली राहणाऱ्याला संयम सांगणे हा अन्याय आहे आणि गरजेच्या कितीतरी वर जगणाऱ्याला तो न सांगणे हा अधर्म. लोकसंख्येची चर्चा करणाऱ्या प्रत्येकाने बोट दाखवण्यापूर्वी आपल्या घराचे वीजबिल, गाडीचे इंधन आणि वर्षभराचा प्रवास यांचा हिशेब एकदा मांडावा.